पांढरी तार, ठीक

मोमोसे किंजी सकाळपासून चौथ्यांदा खांब बघून आला. खांब काय कुठे पळून जाणार होता? चांगला काँक्रीटचा, दुमजली घरापेक्षा उंच, डोक्यावर करडा ट्रान्सफॉर्मर आणि कंबरेला मोमोसेच्या नावाची बोटभर पाटी. शेजाऱ्यांचे फ्रिज आणि कपडे धुण्याची यंत्रं ज्या विजेवर चालतात त्याच विजेवर आपलं संगीत नको, असं म्हणणारे शौकीन स्वतःचा खांब उभारतात. टोकियोकडे असे वेडे पुष्कळ. या डोंगरात मोमोसे पहिला. आणि एवढं करूनही काल संध्याकाळी त्याने रेकॉर्ड लावली तेव्हा खर्ज होता तिथेच होता, म्हणजे नव्हताच.

दुपारी दोनला कारासावा येणार होता. खांबाच्या उद्घाटनाला म्हणून मोमोसेने त्याला बोलावलं होतं, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा कारासावा हो म्हणाला होता.

हा कारासावा म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र. चार वर्षांपूर्वीपर्यंत स्टेशनच्या रस्त्यावर त्याचं सोबा नूडल्सचं दुकान होतं. त्याच्याही आधी, कॉलेजात असताना, तो डबल बेस वाजवायचा. ते माणसाएवढं उंच, उभं राहून मिठीत घेऊन वाजवायचं वाद्य. चौऱ्याहत्तर साली त्याच्या कॉलेजच्या संगीत मंडळाने वर्गणी काढून एक रेकॉर्ड केली होती. तीनशे प्रती. कारासावाची प्रत चाळीस वर्षांपूर्वी एका पुरात दुकानाबरोबर भिजून गेली ती गेलीच. गेल्या मार्चमध्ये मोमोसेला टोकियोच्या एका जुन्या रेकॉर्डांच्या दुकानात त्यातली एक सापडली. त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. एप्रिलमध्ये कारासावाला बोलावलं, मधल्या खुर्चीत बसवलं आणि सुई खाली सोडली. चाळीस वर्षांनी कारासावा स्वतःला ऐकणार होता.

त्याने पूर्ण एक बाजू मान खाली घालून ऐकली. मग म्हणाला, "छान वाजतं रे तुझं यंत्र." अर्धा चहा तसाच ठेवून तो गेला. त्यानंतर एकदा त्याची पाठ दुखत होती, एकदा मावशीचं वर्षश्राद्ध होतं, एकदा पाऊस होता. पाऊस म्हणे. छत्री काय गहाण टाकली होती?

तो का येत नाही हे मोमोसेला पक्कं ठाऊक होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. आवाज बिघडला होता. मार्चच्या अखेरीपासून खर्ज नाहीसा झाला होता आणि कुठल्याही रेकॉर्डवरची गाणारी बाई नेमकी कुठे उभी आहे तेच कळत नव्हतं. कधी खिडकीत, कधी पाठीमागे, कधी छताला. त्या एप्रिलच्या दुपारीही मोमोसेला ते ऐकू येत होतंच. कारासावाच्या खुर्चीमागे तो घामाघूम होऊन बसला होता. पण "थांब रे, आज यंत्राचं काहीतरी बिनसलंय" एवढं म्हणायला त्याची जीभ रेटली नाही. मोमोसेकडचा आवाज खोटं बोलत नाही, असं सगळ्या दरीत म्हणत. म्हणायला सुरुवात त्यानेच केली होती हा भाग वेगळा.

मग सुरू झाला शोध. त्याच आठवड्यात कोपऱ्यावर चोवीस तास उघडं राहणारं एक दुकान सुरू झालं होतं, भिंतभर फ्रिज लावलेलं. मोमोसेने गुन्हेगार तिथेच मुक्रर केला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की माणूस कावळ्याला धरतो. तरी तो नुसता बसून राहिला नाही. स्पीकरच्या तारा तीनदा तपासल्या. स्पीकर दोन बोटं पुढे आणले, चार बोटं मागे नेले. त्यांच्याखाली दगडी लाद्या घातल्या. पडदे काढले, पुन्हा लावले, पुन्हा काढले. सुमिए, त्याची बायको, एकदा म्हणाली, "त्या खोलीत तुम्ही ऐकता कमी आणि सामान जास्त हलवता." शेवटी खांबाचं ठरलं.

खांबाचा माणूस मोजमाप करायला आला तेव्हा त्याने दोन जागा सांगितल्या. एक फाटकाजवळ, तिथून तार सात मीटर लांब पडली असती. दुसरी खोलीच्या भिंतीला लागून, जिथे पर्सिमनचं, केशरी फळांचं झाड होतं. घर घेतलं त्या वर्षी सुमिएने लावलेलं झाड, एकतीस वर्षांचं. दर नोव्हेंबरला त्याची फळं सोलून, दोऱ्यांना बांधून ती पडवीच्या वळचणीला वाळत टाकायची आणि नव्या वर्षाला गावभर वाटायची. "फाटकाजवळ चालेल ना?" तिने विचारलं होतं. मोमोसे म्हणाला, "सात मीटर म्हणजे सात मीटर असतात." झाड सप्टेंबरात गेलं. तेव्हापासून सुमिए कामापुरतंच बोलत होती. जेवण झालंय. आंघोळीचं पाणी तापलंय. बस.

एका गोष्टीवर मात्र मोमोसेने कधीच संशय घेतला नाही. त्याच मार्चमध्ये त्याने नवं कार्ट्रिज बसवलं होतं, म्हणजे सुई ज्यात असते ते अंगठ्याच्या पेराएवढं डोकं. त्याच्या पाठीमागे चार खुंट्या असतात, आणि टोनआर्ममधून, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्यातून, येणाऱ्या केसासारख्या चार तारा त्यांना जोडायच्या असतात: तांबडी, हिरवी, पांढरी, निळी. यात चूक होणं शक्यच नव्हतं. कारण त्याने प्रत्येक तारेकडे बोट दाखवून मोठ्याने म्हटलं होतं.

मोमोसे अडतीस वर्षं डोंगरातली छोटी आगगाडी चालवत होता. त्या कामात नुसतं बघून भागत नाही. सिग्नल दिसला की हात लांब करून बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं: "सिग्नल हिरवा, ठीक." दारं बंद, ठीक. वेळ, ठीक. शेजारी गार्ड असला तर त्याने तेच पुन्हा म्हणायचं. पुढे गाड्यांवर एकच माणूस राहिला आणि मोमोसे एकटाच म्हणू लागला. बोट आणि जीभ दोन्ही साक्षीला असली की डोळा झोपत नाही, हे त्याला एकोणिसाव्या वर्षी शिकवलं होतं, आणि अडतीस वर्षांत त्याच्या नावावर एक चूक नव्हती. निवृत्त झाल्यावर ही सवय घरात आली. वीज, ठीक. धूळ नाही, ठीक. सुई, ठीक. पाहुण्यांना गंमत वाटायची. सुमिएला पहिलं वर्ष वाटली होती.

पाचव्यांदा खांब बघून तो पडवीवरून आत जात होता तेव्हा सुमिए तिथे फळं सोलत बसली होती. झाड नव्हतं, पण नोव्हेंबर होता. खालच्या गावातून तिच्या वहिनीने एक खोकं पाठवलं होतं.

"येरझारा घालताच आहात तर जरा दोरा द्या," ती वर न बघता म्हणाली. "पांढरा. फिका निळा आहे तो नको, तो नायलॉनचा आहे, गाठ सुटते."

टोपलीत दोन रिळं होती. मोमोसेने बोट दाखवलं. "पांढरा, ठीक," म्हणाला आणि रीळ तिच्या हातात दिलं.

सुमिएने रिळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "हा निळा आहे."

"कसला निळा. पांढराच आहे."

"अहो, आकाशासारखा निळा आहे. डोळे कुठे ठेवून आलात?" ती हसली. सप्टेंबरनंतर पहिल्यांदाच. तिने स्वतः दुसरं रीळ उचललं आणि फळाच्या देठाला गाठ मारली.

मोमोसे हसला नाही. दोन्ही रिळं त्याला सारखीच दिसत होती, जुन्या कागदासारखी.  त्याने दोन्ही रिळांचे वीतभर तुकडे तोडले, निळ्याला विसरू नये म्हणून गाठ मारली आणि खोलीत गेला.

टोनआर्म सोडवून तो खिडकीशी आला. बाहेर स्वच्छ ऊन होतं. मार्चमध्ये हे काम त्याने पिवळ्या दिव्याखाली केलं होतं, डाव्या डोळ्याला भिंग लावून. त्याने आताही डाव्या डोळ्याला भिंग लावलं. तांबडी दिसली. हिरवी दिसली. उरलेल्या दोन मात्र जुळ्या बहिणी. मग भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि तारांशेजारी दोऱ्याचे तुकडे धरले. उजव्या डोळ्याने, उन्हात, श्वास रोखून बघितल्यावर एका तारेत अगदी पुसटशी निळाई उतरली. गाठीच्या दोऱ्यासारखी. आणि ती पांढरीच्या खुंटीवर बसलेली होती.

या दोन तारा डाव्या बाजूच्या. म्हणजे डावीकडचा स्पीकर आठ महिने उलटा चालला होता. उजवा पुढे ढकलायचा तेव्हा डावा मागे ओढायचा. एका जुवाला दोन बैल, एकाचं तोंड शेताकडे आणि एकाचं गोठ्याकडे. मग नांगर कसला चालतोय? खर्ज त्या ओढाताणीत मधल्या मधे मरत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. वळसाही साधा नाही, अकरा मीटर उंच, काँक्रीटचा.

त्याने चिमट्याने दोन्ही तारा काढल्या आणि अदलाबदल करून लावल्या. तीनदा चिमटा सुटला. या वेळी त्याने बोट दाखवलं नाही आणि तोंडातून अवाक्षरही काढलं नाही. मग रेकॉर्ड लावली, कॉलेजच्या मंडळाची.

पहिल्या चार ठोक्यांनंतर डबल बेस आला. स्पीकरमधून आला असं वाटलंच नाही. दोन स्पीकरांच्या मधे, जमिनीवर उभा राहिला, लाकडाचा, जड, आणि चालू लागला. त्याची पावलं खुर्चीच्या पायांतून मोमोसेच्या मांड्यांपर्यंत पोचली. पियानोवाला मधेच अडखळला तेव्हा याच बेसने त्याला हाताला धरून पलीकडे नेलं. बावीस वर्षांचा कारासावा इतका चांगला वाजवत होता हे मोमोसेला आज कळलं. त्याला आनंद झाला आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली.

दारात सुमिए उभी होती, हाताला फळाचा चीक. ती या खोलीत सहसा येत नसे. आताही उंबऱ्याबाहेरच थांबली होती.

"हा आवाज तिकडे फरशीतून आला," ती म्हणाली. "हे ते कारासावा-सान?"

"हो."

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे खांबाचा उपयोग झाला म्हणायचा. झाड अगदीच फुकट नाही गेलं."

मोमोसेने तोंड उघडलं. गळ्यात वाक्य तयार होतं. पण तिचा चेहरा दोन महिन्यांनी सैल पडला होता, आणि त्या चेहऱ्यावर हे वाक्य टाकायचं म्हणजे तेच झाड दुसऱ्यांदा तोडायचं. असं त्याने स्वतःला समजावलं. खरं कारण तेवढं दयाळू नव्हतं. हिरवा आणि तांबडा ओळखण्यावर ज्याने अडतीस वर्षं भात खाल्ला, त्याला पांढरा आणि निळा ओळखता येत नाही, हे कुणाला कळायला नको होतं. तो म्हणाला, "हं."

एवढंच म्हणाला, पण खोटं बोलायला "हं" पुरतं.

दोन वाजेपर्यंत त्याला बसवेना. रेकॉर्ड त्याने परत लावली नाही. खुर्ची पुसली. पुसलेली खुर्ची पुन्हा पुसली. जेवताना सुमिएने आपणहून विषय काढून विचारलं, "लोणचं वाढू?" आणि तो दचकला. खाई त्याला खवखवे. कुणी काही म्हणणारच नव्हतं खरं तर. खांब उभा राहिला, आवाज परतला. दरीतल्या कुठल्याही माणसाने यात दोन आणि दोन चारच केले असते. तारेचं चौघांना ठाऊक: त्याला, चिमट्याला आणि दोन तारांना. सोमवारी गुपचूप दुसऱ्या गावच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाता आलं असतं. मोमोसे स्वतःशी असा हिशेब मांडत होता आणि भात थंड होत होता.

कारासावा बरोबर दोनला आला, साकेची बाटली घेऊन. तो वाळला होता. खोलीत शिरताना त्याने खुर्चीकडे अशा नजरेने पाहिलं की दाताच्या डॉक्टरकडची खुर्ची बरी.

"दुसरं काहीतरी लाव," तो म्हणाला. "एखादी बाई गाणारी. आमचं ते कॉलेजचं नको."

"तेच ऐकायचंय."

"अरे, एकदा ऐकलं की. पुरे झालं."

"गप बस आणि ऐक," मोमोसे म्हणाला. साठ-पासष्ट वर्षांच्या दोस्तीत एवढा अधिकार होता.

वीज, धूळ, सुई यांतलं आज त्याने काहीच पुकारलं नाही. कारासावाच्या ते लक्षात आलं, पण तो बोलायच्या आत चार ठोके पडले आणि बेस चालू लागला.

कारासावाची मान खाली होती ती वर आली. तोंड किंचित उघडलं. हळूहळू त्याचा डावा हात छातीशी गेला आणि बोटं हवेतल्या तारा दाबू लागली, एक सूर आधी, पुढे काय येणार ते पन्नास वर्षं ठाऊक असल्यासारखी. पियानोवाला अडखळला त्या जागी तो खुदकन हसला. "तोकुरा नेहमी इथेच पडायचा," म्हणाला. बाजू संपली. सुई आतल्या कडेला खरखरत राहिली तरी मोमोसे उठला नाही.

"हा मी आहे?" कारासावाने विचारलं.

"मग कोण, मी?"

"मग एप्रिलमध्ये कोण होतं?"

मोमोसे सुईकडे बघू लागला.

"एप्रिलमध्ये या खुर्चीत मी कान फुटेस्तोवर ऐकलं," कारासावा म्हणाला. तो मोमोसेकडे बघत नव्हता, रेकॉर्डकडे बघत होता. "पियानो होता, ड्रम होते, सॅक्सोफोन होता. मी नव्हतो. कुठेतरी लांब भिंतीपलीकडे कुणीतरी गादी झोडपतंय एवढंच. म्हटलं, बघा, चाळीस वर्षं आपण समजत होतो की आपण बरे वाजवायचो. दुकान बंद केल्यावर मागच्या खोलीत दारं लावून वाजवत होतो, तेही याच समजुतीवर. आणि तू म्हणतोस ना, तुझं यंत्र खोटं बोलत नाही."

"तू बोलला का नाहीस तेव्हा?"

"काय बोलू? तू एवढी शोधून आणलेलीस. तू म्हणालास, कसं वाटतंय. मी म्हटलं छान." त्याने डावा हात उलटा करून बोटांची टोकं पाहिली. "मे महिन्यात बेस देऊन टाकला. पलीकडच्या गावातल्या मुलींच्या शाळेला. त्यांचं बँडपथक आहे. टेम्पो आला, दोघांनी उचलला, गेला. म्हटलं, कुणाच्या तरी कामी येईल."

सुई अजून खरखरतच होती. मोमोसेने उठून ती उचलली.

"जाऊ दे," कारासावा उठत म्हणाला. त्याचे डोळे ओले होते, आणि तो खुशीत होता हेच वाईट होतं. "म्हणजे सगळा दोष विजेचा होता. चल, तुझ्या त्या खांबाला भेटू दे मला. त्याला घोटभर पाजल्याशिवाय मी जात नाही."

तिघेही बाहेर आले. सुमिएने तीन पेले आणले. वळचणीला सोललेली फळं पांढऱ्या दोऱ्यांवर ओळीने लटकत होती. खांबाशेजारी झाडाचा बुंधा होता, घोट्याएवढा उरलेला. कारासावाने खांबासमोर उभं राहून, देवळासमोर वाकावं तसं कमरेतून वाकून नमस्कार केला आणि पेल्यातली साके खांबाच्या पायाशी ओतली. मग सुमिएकडे वळून म्हणाला, "वहिनी, तुमच्या झाडाची आठवण येईल खरी. पण त्याने मला मी परत दिला."

सुमिए खाली वाकली आणि आपल्या पेल्यातली थोडी साके तिने बुंध्यावर ओतली.

तेव्हा मोमोसेचा हात वर गेला. त्याने ठरवून नेला नाही. अडतीस वर्षं जसा जात होता तसाच गेला, खांद्यापासून सरळ, बोट ताठ. ते बोट खांबाकडे होतं.

"खांब," तो मोठ्याने म्हणाला. "काही संबंध नाही."

दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. बोट बुंध्याकडे वळलं.

"झाड. नाहक गेलं."

बोट कारासावाच्या हातांकडे गेलं. "वाजवणारा. पहिल्यापासून चांगला." मग ते वळून त्याच्या स्वतःच्या डाव्या डोळ्यापाशी आलं. "हा. निळा दिसत नाही. मार्चमध्ये निळी तार पांढरी म्हणून लावली. बोट दाखवून, मोठ्याने म्हणून लावली. आज सकाळी बदलली. एप्रिलमध्येच कळत होतं की आवाज बिघडलाय, तरी तुला बोललो नाही. मी."

याच्यापुढे "ठीक" म्हणायची जागा होती. ती त्याने मोकळी सोडली.

 कारासावाने रिकामा पेला काळजीपूर्वक बुंध्यावर ठेवला. "सात महिने," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सात महिने मी स्वतःला गाढव म्हणतोय, किंजी."

"हो."

"आणि आत्तासुद्धा तू मला त्या खांबाला नमस्कार करू दिलास."

"हो."

मोमोसेने सुमिएकडे पाहायचं धाडस केलं. ती बुंध्याकडे बघत होती.

"दोऱ्याचे तुकडे तिथेच राहिलेत," ती म्हणाली. "त्या यंत्रावर. एकाला गाठ मारलेली. तुम्ही जेवणाआधी हात धुवायला गेलात तेव्हा पाहिले मी."

"म्हणजे तुला..."

"जेवताना वाट बघितली. म्हटलं लोणच्यावर तरी बोलतील." तिने डोळे पुसले नाहीत, पण नाक ओढलं. "फाटकाजवळ चाललं असतं. फाटकाजवळसुद्धा नको होता, पण फाटकाजवळ चाललं असतं."

 मोमोसेने मान खाली घातली ती खालीच ठेवली. वरून ट्रान्सफॉर्मर आपला बारीक गुणगुणत होता, कुणी विचारलं नसताना.

"तो बेस," शेवटी कारासावा म्हणाला. "परत मागायला तू जायचंस. मी नाही जाणार. दिलेली वस्तू मागायला मला तोंड नाही."

"जातो. उद्याच जातो. पण त्या मुख्याध्यापिकेला सांगू काय?"

"आत्ता सांगितलंस तेच. बोट दाखवून."

मोमोसेने मान हलवली. शाळेच्या कचेरीत उभं राहून अनोळखी बाईला आपला डोळा दाखवायचा, या कल्पनेनेच त्याचे कान तापले. मुली हसतील. हसू देत.

कारासावा घराच्या पायऱ्या चढू लागला. फाटकाकडे न जाता तो पडवीकडे का वळला हे मोमोसेला आधी समजलंच नाही.

"बघतोस काय?" कारासावा म्हणाला. "रेकॉर्डला दुसरी बाजू असते ना? ती तर मी ऐकलेलीच नाही."

खोलीत कारासावा मधल्या खुर्चीत बसला. मोमोसेने रेकॉर्ड उलटवली, सुई तिच्यावर आणली आणि सवयीने बोट पुढे केलं.

"सुई," तो म्हणाला, आणि थांबला. पुढचा शब्द ओठांवर होता, पण आज त्याला तो आपला वाटेना.

पाठीमागे पावलं वाजली. सुमिए उंबरा ओलांडून आत आली होती. ती त्याच्या शेजारी वाकली, हिरा लावलेल्या त्या टोकाकडे तिने डोळे बारीक करून नीट पाहिलं आणि रोजच्या आवाजात म्हणाली,

"धूळ आहे."

मोमोसेने ब्रश घेतला, सुई साफ केली आणि तिला पुन्हा बघायला सांगितलं.